बसल्या बसल्या किती खातो?

नवीन माणूस भेटला की लोक त्याचं नाव विचारतात, गाव विचारतात, फारच चौकस असतील तर आडनावावरून सोयरिकीपर्यंत जातात. आत्मारामनाना यातलं काहीच विचारत नसत. माणूस उठून गेला की हळूच माझ्याकडे वळून म्हणायचे, "मास्तर, हा बसल्या बसल्या किती खातो?"

हा प्रश्न त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमधून आणला होता. तिथे त्यांनी उभी हयात मेकॅनिक म्हणून काढली. कोणी कोणाला फोन करत नसताना यंत्र किती वीज खातं, यावर त्याची पारख करायची, असं त्यांना त्यांच्या पहिल्या साहेबाने शिकवलं होतं. काम करताना सगळेच खातात, त्यात काही विशेष नाही. काम नसताना जो कमी खातो तो कामाचा. नाना निवृत्त झाले, एक्स्चेंजमधली ती खडखडणारी यंत्रं केव्हाच भंगारात गेली, पण प्रश्न शिल्लक राहिला, आणि नाना तो पंख्यांना, पाहुण्यांना, गणपती मंडळाच्या अध्यक्षांना आणि एकदा आमच्या प्राचार्यांनाही लावत असत. मला त्यांनी तो माझ्या तोंडावरच लावला होता. उत्तरही स्वतःच दिलं होतं. "तू लई खातोस."

नाना मूळचे धुळ्याकडचे. नोकरीने जळगावला आले आणि आमच्या कॉलनीत आमच्यापासून तिसऱ्या घरात राहिले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी मंगला धुळ्यालाच दिलेली. बोलताना साधारण माझ्यासारखीच मराठी बोलत, पण रागावले किंवा खूश झाले की सरळ अहिराणीत शिरत. त्यामुळे 'आहे'च्या जागी त्यांचं 'शे' ऐकू आलं की आधी चेहरा पाहायचा आणि मग ठरवायचं, पळायचं की बसायचं.

त्यांच्या घरात भिंतीवर बारा बटणं होती आणि त्यातली तीनच चालू होती. बाकीच्या नऊंच्या वायरी त्यांनी मागून काढून टाकल्या होत्या. जे लागत नाही त्याला वीज जोडून ठेवायची कशाला, हा त्यांचा सवाल. पाहुणा सवयीने बटणामागून बटण दाबत जाई आणि नाना शांतपणे पाहत बसत. घरात ताटं चार. एकदा आम्ही पाच जण भरीत खायला गेलो, तर मी शेवटी जेवलो, कारण चौथं ताट धुऊन येईपर्यंत थांबणं हे नानांच्या मते पाचवं ताट विकत आणण्यापेक्षा सोपं होतं. प्रवासाला एकच कापडी पिशवी. तिच्यात एक सदरा, एक धोतर, एक टेस्टर आणि मिठाची डबी. मीठ कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जगात बाकी सगळं मिळतं रे, पण बेताचं मीठ मिळत नाही."

आता माझ्याविषयी थोडं, कारण पुढचा सगळा गोंधळ माझा आहे. मी एका ज्युनियर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. 'ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, तिचे प्रकार सांगा' हा पाच गुणांचा प्रश्न मी अठरा वर्षं फळ्यावर लिहून देत आलो आहे. प्रकार मला तोंडपाठ आहेत. त्यातला एखादा स्वतः निवडून, स्वतःच्या हाताने मशीनवर चढवून, चार माणसांच्या उपयोगी पडेल असं काही करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आणि मी ती येऊही दिली नव्हती.

ती आणली पाण्याने. आमच्या कॉलनीला नळाचं पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतं. दिवस साधारण ठाऊक असतो, वेळ ठाऊक नसते. सकाळी सातला येईल नाहीतर दुपारी दीडला. ज्यांच्याकडे जमिनीत टाकी आणि मोटार आहे त्यांचं कोणावाचून अडत नाही. पण कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या शोभाताईंकडे टाकी नव्हती, दोन ड्रम होते. त्या एमआयडीसीत डाळमिलमध्ये कामाला. पाणी येईल म्हणून घरी थांबावं तर खाडा, कामावर जावं तर ड्रम कोरडे आणि घरात खाटेवर सासू. पाणी निघालंय हे वेळेवर कळलं, तर मिलमधून तासाभराची सुटी घेऊन सायकलवर येता येतं, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

वेळेवर कळायची सोय नानांकडे होती. व्हॉल्व्ह उघडणारे रफिकभाई त्यांचे जुने दोस्त. टेलिफोनची केबल आणि पाण्याची पाइपलाइन एकाच चरातून गेलेली, त्यामुळे दोघांची अर्धी नोकरी एकमेकांचे खड्डे बुजवण्यात गेली होती. मागच्या कॉलनीचा व्हॉल्व्ह बंद करून रफिकभाई ती लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकत आणि नानांना फोन करत, "नाना, निकला हूं, बीस मिनिट." नाना लगेच कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसं टाकत. पण तेवढ्यात त्यावर सुप्रभात, गुलाबाची फुलं, मधुमेहावर कारल्याचा रस आणि कोणाच्या तरी पुतण्याचा वाढदिवस येऊन पडे. एकदा शोभाताईंना संध्याकाळी अडतीस मेसेजांच्या खाली सकाळचं पाणी सापडलं.

कॉलनीच्या बैठकीत हा विषय निघाला आणि मी उभा राहिलो. कोणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, आपण वेबसाइट काढू. एकच पान, त्यावर एकच ओळ, आज पाणी आहे की नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजल्या की माझी जीभ सैल सुटते. मी पुढे म्हणालो, "आणि त्यासाठी बाहेरची जागा कशाला? सर्व्हर मी माझ्या घरीच चालवीन."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुम्हाला येतं का ते?" मी म्हणालो, त्यात काय यायचंय.

कॉलेजने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मी घेऊन आलो. दोन जीबी मेमरी, मागे खरखरणारा पंखा. बाहेरून मशीन सापडावं म्हणून केबलवाल्याला गाठून घराच्या इंटरनेटला कायमचा पत्ता घेतला. आता फक्त ऑपरेटिंग सिस्टिम निवडायची. लिनक्स घ्यायचं एवढं पक्कं होतं, कारण ते फुकट असतं हे पाच गुणांच्या उत्तरात तिसरा मुद्दा म्हणून येतं. पण लिनक्सचे अवतार शेकड्यांनी आहेत हे त्या उत्तरात येत नाही. मी नेटवर वाचायला लागलो. जो तो आपलंच लिनक्स हलकं असल्याचं सांगत होता. दिवाळीची सुटी संपत आली तरी मी वाचतच होतो.

शेवटी नाना स्टूल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. कॉम्प्युटरला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नव्हता. म्हणाले, "वाचतो काय? तीन आण. एकेक लाव. कोण बसल्या बसल्या किती खातो ते पाहू."

पद्धत त्यांनीच घालून दिली. सिस्टिम चढवायची, मशीन बंद करून परत चालू करायचं, आणि मग कोणी हात लावायचा नाही. बायकोने चहा ठेवायचा. चहा पिऊन झाला की मेमरी किती गेली ते पाहायचं.

पहिली मी माझ्या आवडीची निवडली. तिच्यात डोंगरांची चित्रं होती, खिडक्या उघडताना लहरत उघडायच्या. चहा पिऊन पाहिलं तर दोनपैकी सव्वा जीबी तिने काहीही न करता संपवली होती. नानांनी वही काढून लिहिलं, 'जावई.' आणि त्यावर कडी म्हणजे आम्ही पाहत असतानाच तिने स्वतःहून नवीन काहीतरी उतरवून घ्यायला सुरुवात केली आणि पंधरा मिनिटं कोणाला उत्तर द्यायला तयार होईना. नाना म्हणाले, "नेमकं पाणी यायच्या वेळेला हा अंघोळीला बसेल."

दुसरी त्याहून साधी होती, पण तिनेही अर्ध्याच्या आसपास खाल्लं. वहीत नोंद झाली, 'जावयाचा भाऊ.'

तिसरी सुरू झाली आणि माझा चेहरा पडला. काळा पडदा, त्यावर एक पांढरी रेघ लुकलुकतेय, बस. चित्र नाही, खिडकी नाही, साधा बाण नाही. चहा झाला. पाहिलं तर पन्नास एमबीसुद्धा गेली नव्हती. नाना स्टुलावरून उठलेच. "हाई खरं मानूस शे!" असं म्हणून त्यांनी मशीनच्या डोक्यावर हात ठेवला, जणू ते दहावीत पहिलं आलं होतं.

मी म्हणालो, "पण नाना, लोक सर्व्हर बघायला येणार. त्यांना दाखवायचं काय?"

"सर्व्हर म्हणजे काय रे मराठीत?"

मी म्हणालो, सेवा देणारा. मग म्हणालो, वाढणारा.

"म्हणजे वाढपी. आता वाढप्याने जरीचा फेटा बांधला आणि आरशापुढे उभा राहिला, तर पंगतीत वरण कोण आणील?"

मी मान डोलावली. पण माझा स्वभाव मला ठाऊक आहे. नाना घरी गेल्यावर मी त्या काळ्या पडद्यावर गुपचूप डोंगराची चित्रं आणि खिडक्या चढवल्या. थोड्याच, पाहुण्यांपुरत्या. दुसऱ्या दिवशी नाना आले, दारात चपला काढल्या आणि तिथेच थबकले. पडदा बंद होता. मान तिरकी करून त्यांनी मशीनकडे कान दिला. एक्स्चेंजमध्ये हजार लाइनींच्या कलकलाटात कोणती लाइन आजारी आहे ते ते असंच ओळखायचे, असं त्यांचे जुने सोबती सांगत. म्हणाले, "काल पंखा चालत होता. आज पळतोय. काय घातलंस त्याच्या डोक्यावर?" मी मुकाट्याने डोंगर उतरवले.

पाण्याची खबर पानावर चढवायची व्यवस्था नानांनी केली. त्यांच्या त्या तोडलेल्या नऊ बटणांशेजारी पंख्याचा एक जुना रेग्युलेटर रिकामाच बसला होता. तो त्यांनी काढला, एक जुना कीबोर्ड फोडला, आणि रेग्युलेटर डावीकडे फिरवला की एक कळ, उजवीकडे फिरवला की दुसरी कळ दाबली जाईल अशी जोडणी करून तो माझ्या दाराशेजारी भिंतीवर बसवला. फोन आला की माझ्याकडे येऊन फिरवायचा. कळ दाबली की पानावर काय उमटायचं तेवढा प्रोग्रॅम मी लिहिला. तेवढं मला येतं. डावीकडे 'आज पाणी नाही', उजवीकडे 'आज पाणी आहे'.

"आणि मधे?" नानांनी विचारलं.

मधे काही नाही, मी म्हणालो.

"मधे 'माहीत नाही' लिही. रफिकचा फोन नाही आला, तो आजारी पडला, लाइन फुटली, मी झोपलो, तर काय सांगशील? आणि दिवसभर कोणी बटणाला हातच लावला नाही, तर त्याने आपणहून 'माहीत नाही' म्हणावं."

मी लिहिलं, पण मनातून मला ते आवडलं नाही. कॉम्प्युटरच्या मास्तरचं पान जगाला 'माहीत नाही' असं सांगतंय, हे कसं दिसतं? माझ्या वर्गात मी हे दोन शब्द अठरा वर्षांत एकदाही उच्चारले नव्हते. माहीत नसेल तेव्हा मी 'ते पुढच्या वर्षी आहे' असं सांगतो.

पान मात्र चाललं. सगळा हिवाळा चाललं. शोभाताई मिलमध्ये डाळीच्या पोत्यावर मोबाइल ठेवून मधूनमधून पाहत आणि 'आहे' दिसलं की सायकल काढत. एकदा रस्त्यात मला थांबवून म्हणाल्या, "सर, चार महिन्यांत एक खाडा नाही झाला." मी अशी काही मान हलवली की सगळं माझ्याच डोक्यातून निघालं होतं.

मग मे महिना आला. जळगावचा मे. दुपारी बारा वाजले की मशीन तापून आपोआप बंद पडायला लागलं. नाना तेव्हा नातीच्या लग्नासाठी आठ दिवस धुळ्याला गेले होते. जाताना रफिकभाईंना माझा नंबर देऊन गेले आणि मला म्हणाले, "जिन्याखाली ठेव, तिथे गार असतं. दुसरं काही करू नको."

दुसरं काही करू नको असं मला सांगायला नको होतं. असोद्याला माझ्या मेहुण्याचं, प्रमोदचं, केळी पिकवायचं चेंबर आहे. बाहेर पंचेचाळीस असो की सत्तेचाळीस, आत बाराही महिने अठरा अंश. कॅमेऱ्यांसाठी इंटरनेटही आहे. जगातले मोठमोठे सर्व्हर थंड खोल्यांत ठेवतात हे मी मुलांना शिकवतो. मला माझ्याच कल्पनेचं इतकं कौतुक वाटलं की मी मशीन मोटरसायकलवर बांधून असोद्याला गेलो. प्रमोद म्हणाला, "भाऊजी, आत गारव्याबरोबर ओल पण असते. केळीला लागते ती." मी त्याला म्हणालो, "तू केळीचं बघ."

आता मशीन असोद्याला, म्हणून भिंतीवरचं बटण गेलं. मी मोबाइलवरूनच खबर द्यायची सोय केली. आणि सुधारणा करायलाच बसलो होतो, तर आणखी दोन केल्या. मशीन बंद पडलं तरी पान दिसत राहावं म्हणून त्याची एक नक्कल नेटवरच्या फुकटच्या जागेवर ठेवली. मशीनकडून काही आलं नाही तर ती नक्कल शेवटचं उत्तर दाखवत राहायची. आणि 'माहीत नाही' काढून टाकलं. त्या आठवड्यात कॉलेजात तपासणी समिती यायची होती आणि मला त्यांना हे पान दाखवायचं होतं.

समितीने पान पाहिलं. एक सर म्हणाले, "छान, साधं आहे."

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला रफिकभाईंचा फोन आला, "सर, निकला हूं." मी पेपर तपासत होतो. मोबाइलवर 'आहे' दाबलं आणि पुढचा पेपर ओढला. असोद्याला केळीच्या क्रेटांमध्ये माझं मशीन रात्रीच ओल पिऊन मेलेलं होतं. माझं 'आहे' त्याच्यापर्यंत जाऊन तिथेच विरलं. नक्कल मात्र जिवंत होती आणि ती ठामपणे सांगत होती, आज पाणी नाही.

शोभाताईंनी मिलमध्ये चार वेळा पाहिलं. चारही वेळा नाही. पाणी आलं आणि तासाभराने गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीला बघायला चोपड्याहून पाहुणे यायचे होते.

संध्याकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, "सर, मोबाइलमधी तर नव्हतं म्हने पाणी." मी मशीन, ओल, नक्कल असं काहीतरी सांगायला लागलो. त्या ऐकत राहिल्या. मी बोलायचा थांबल्यावर म्हणाल्या, "मग ड्रमात काय भरू?"

नेमके त्याच वेळी नाना धुळ्याहून आले. कॉलनीच्या तोंडाशीच त्यांना सगळं कळलं होतं. पिशवी खांद्यालाच होती. मला वाटलं, आता अहिराणी सुरू होणार.  पण ते सरळ माझ्या घरात शिरले, स्वयंपाकघरातून दोन हंडे उचलले आणि एक माझ्या हातात दिला. माझ्या गच्चीवरची टाकी भरलेली होती, कारण मला मोटार आहे. गच्चीवरून खाली, खालून कोपऱ्यापर्यंत, ड्रममध्ये ओतायचं आणि परत. नाना सत्तरीचे, तरी तीन खेपा त्यांनी केल्याच. उरलेल्या मी केल्या. सगळी कॉलनी ओट्यांवर बसली होती. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या तेही होते. कॉम्प्युटरचे सर खांद्यावर हंडा घेऊन जाताना पाहायला कोणाला नको असतं?

ड्रम भरल्यावर आम्ही दोघं शोभाताईंच्या ओट्यावर दम खात बसलो. तेव्हा नाना बोलले. चेहऱ्यावर राग नव्हता, पण भाषा ती होती. "मास्तर, मशीन मरनं ते चालस. मरेल मशीन खोटं बोलनं, ते नही चालस."

मला रडू आलं, हे इथे लिहून टाकतो. घामाने चेहरा भिजलेला होता म्हणून ते कोणाला दिसलं नाही.

नंतर आम्ही हाताच्या पंजाएवढा एक छोटा कॉम्प्युटर आणला. त्यावर तीच काळ्या पडद्याची सिस्टिम चढवली आणि माझ्याकडून इंटरनेटची वायर ओढून तो नानांच्या घरी जिन्याखाली ठेवला. नक्कल काढून टाकली. रेग्युलेटर आता त्यांच्याच भिंतीवर गेला, आणि मधला 'माहीत नाही' परत आला. पाहुण्यांना दाखवण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. ते पान तेव्हापासून एकदाही बंद पडलेलं नाही. शोभाताईंच्या मुलीचं चोपड्यालाच जमलं.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात माझ्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. पान 'माहीत नाही' जास्त वेळा म्हणू लागलं. पूर्वी महिन्यातून एखाद्या वेळी म्हणायचं, आता आठवड्यातून दोनदा. मी आधी रेग्युलेटर तपासला, मग वायरी, मग माझा प्रोग्रॅम. सगळं ठीक होतं. रफिकभाईंना विचारलं, तर ते म्हणाले, "सर, मी तर दर वेळी फोन करतो. नाना बोलतात पण."

मी नानांकडे गेलो. ते रेग्युलेटरपुढे खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "फोन येतो. मी ठेवतो. मग तो आज आला होता की काल, ते समजत नाही. म्हणून मधे ठेवतो." जराही न लाजता सांगितलं. तपासलेल्या वायरींचा पसारा माझ्या हातात तसाच होता.

दसऱ्याच्या आधी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेऊन रेग्युलेटर स्वतः काढला आणि त्या छोट्या कॉम्प्युटरसकट शोभाताईंकडे नेऊन भिंतीवर बसवला. रफिकभाईंना त्यांचा नंबर दिला. "माले आते खातरी नही ऱ्हायनी," एवढंच शोभाताईंना म्हणाले. त्याच आठवड्यात मंगला त्यांना न्यायला आली. जळगावात इतकी वर्षं काढलेला माणूस एक कापडी पिशवी घेऊन धुळ्याच्या बसमध्ये बसला. मी स्टँडवर सामान चढवायला म्हणून गेलो होतो. चढवायला काही नव्हतंच.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते या उन्हाळ्यात, धुळ्याला. मंगलाने फोनवर सांगून ठेवलं होतं की आता ते कोणाला फारसं ओळखत नाहीत, आणि त्यांची मराठी गेलीय, अहिराणीच तेवढी बोलतात. मी गेलो तेव्हा ते गॅलरीत बसले होते, अर्धे झालेले. हातात मंगलाचा जुना मोबाइल आणि त्यावर आमचं पान. सकाळी उठल्यापासून तेच उघडून बसतात, ती म्हणाली.

एवढ्यात पान बदललं. तिकडे जळगावात शोभाताईंनी रेग्युलेटर उजवीकडे फिरवला असणार. पाणी आलं म्हणून नाना एकदम ओरडले, "मंगला, पानी उनं वं, पानी उनं!" आणि मंगला कोपऱ्यातली बादली उचलून नळाखाली ठेवून आली. धुळ्याचा तो नळ कोरडा होता. त्यांना ते पाणी जळगावचं आहे असं समजावून सांगायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. अशा माणसांना कोणी भेटायला आलं की ती बहुतेक हसतात, "अरे, तूच ना!" असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेतात. माझे वडील शेवटी तसंच करायचे. आणि मला मनातून तेच हवं होतं. मी विचारलं, "नाना, मला ओळखलं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, मान तिरकी करून, माझ्या आत कुठला पंखा पळतोय ते ऐकल्यासारखं. मग सरळ म्हणाले, "माहीत नही."

 मी तसाच बसून राहिलो, बसल्या बसल्या त्यांचा वेळ खात. त्यांनी एकदा हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले,

"पन तुनं पानी उनं शे, भाऊ. घर जाय."